विंडोज गेली, फायली राहिल्या

विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्याकडे लक्ष देणं अधिकृतपणे थांबवलं. या मधल्या साडेबारा वर्षांत आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहिला संगणक आला. तो बहुधा गल्लीतल्या दुकानदाराने असेंबल करून दिलेला असायचा. हार्ड डिस्क ४० किंवा ८० जीबीची, वर एक्सपी, आणि सीडी कुठली हे विचारायचं नाही. मुलांचे पहिले डिजिटल फोटो, सोसायटीचे हिशेब, कुणाचा अर्धवट प्रबंध, छापखान्यात जुळवलेला दिवाळी अंकाचा मजकूर, सगळं त्या एका डिस्कवर. मग एके दिवशी तो संगणक सुरू होईना. दुकानदार म्हणाला, ‘विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल.’ तोवर घरात लॅपटॉप आला होता, त्यामुळे तेवढीही खटपट कुणी केली नाही. संगणक माळ्यावर गेला आणि त्यातलं सगळं गेलं असं घरात ठरून गेलं.

बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं.

‘संगणक बिघडला’ या दोन शब्दांत बरेच वेगवेगळे बिघाड सामावलेले असतात. पॉवर सप्लाय जळतो. रॅम सैल होते. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगतात. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइट भरलेल्या कपॅसिटरांमुळे या दुखण्याची जगभर साथच आली होती. किंवा विंडोजची स्वतःची एखादी फाईल खराब होते आणि निळा पडदा दिसतो. यांपैकी कशानेही डिस्कच्या चकत्यांवर लिहिलेलं पुसलं जात नाही. विंडोज हा शेवटी त्याच डिस्कवर ठेवलेला फायलींचा एक गठ्ठा आहे. तो गठ्ठा बिघडला म्हणून शेजारचे फोटो बिघडत नाहीत. ते वाचायला दुसरी एखादी कार्यप्रणाली लागते, एवढंच.

ती दुसरी कार्यप्रणाली नवी विंडोज का असू नये, हा प्रश्न रास्त आहे. डिस्क धडधाकट असेल तर नव्या विंडोजवरही काम होतं. पण डिस्क थोडी जरी दुखावलेली असली की विंडोज आगाऊपणा करते. पार्टिशन ओळखता आलं नाही की ‘वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करा’ अशी चौकट पुढे येते, आणि घाईत तिला होकार दिलेले लोक कमी नाहीत. सुरू होताना ती चेकडिस्क चालवू पाहते. चेकडिस्कचं काम फाईल सिस्टीमचा ताळमेळ लावणं, तुमच्या फायली वाचवणं नव्हे. जे जुळत नाही ते ती तोडून बाजूला काढते आणि ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके अशा शेपटीच्या निनावी तुकड्यांची रास टाकते. शिवाय जुन्या एक्सपीवरचं पासवर्ड लावलेलं खातं असेल, तर त्याचं फोल्डर दुसऱ्या विंडोजवर ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून दार लावून घेतं.

म्हणून ती दुसरी कार्यप्रणाली लिनक्स असावी. तिच्यावर मूळ प्रशासक म्हणजे रूट म्हणून काम करणाऱ्याला हे दार आडवं येत नाही. कुठली फाईल कुणाची, हे विंडोजने डिस्कवर लिहून ठेवलेलं असतं. पण ते पाळण्याचं काम चालू असलेल्या विंडोजचं. विंडोजच नसेल तर पाळणार कोण? (लॅपटॉपला लॉगिन पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त असलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) त्याहून महत्त्वाचं म्हणजे, डिस्क फक्त वाचायची, तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही, हे लिनक्सला बजावता येतं आणि ती ते ऐकते. या कामात न लिहिण्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. जुन्या डिस्कमधल्या फायलींना सर्वांत मोठा धोका त्या वाचवायला बसलेल्या माणसाकडूनच असतो.

हे सारं इतकं सोपं नेहमीच नव्हतं. एनटीएफएस ही विंडोजची फाईल सिस्टीम १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली. तिची आतली रचना मायक्रोसॉफ्टने कधी पूर्णपणे खुली केली नाही. लिनक्सवाल्यांनी ती डिस्कवरचे बाइट बघून, तर्क लढवत उलगडली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून लिनक्सला एनटीएफएस वाचता येऊ लागलं, पण लिहिणं बेभरवशाचं होतं. साबोल्च साकाचिच यांच्या एनटीएफएस-३जी या चालकाची, म्हणजे ड्रायव्हरची, स्थिर आवृत्ती २००७ साली आली आणि भरवसा आला. पुढे पॅरागॉन सॉफ्टवेअर या कंपनीने आपला चालक खुला केला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ या आवृत्तीपासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. आपल्याला मात्र लिहायचंच नाहीये. म्हणजे जो भाग सर्वांत जुना आणि मुरलेला, तेवढाच आपल्या कामाचा.

लिनक्स संगणकावर बसवावी लागते हाही गैरसमज आहे. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली नॉपिक्स ही सीडीवरूनच चालणारी लिनक्स काढली, तेव्हापासून ही सोय आहे. आज उबुंटूसारखं लिनक्सचं एखादं वितरण पेन ड्राइव्हवर उतरवून त्यावरूनच सुरू करता येतं. संगणकातल्या डिस्कला धक्का लागत नाही. खास सुटकेच्या कामासाठी बनवलेलं सिस्टीमरेस्क्यू नावाचं वितरण आहे. पुढे ज्यांची नावं येतील त्यांतली बहुतेक साधनं त्यात आधीच भरलेली असतात.

आता डिस्क. कॅबिनेटचं झाकण उघडून ती बाहेर काढायची. २००३ च्या आधीची असेल तर मागे ४० पिनांची दोन रांगांतली खोबण दिसेल, तिला आयडीई म्हणतात. त्यानंतर हळूहळू इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या, पातळ साटा जोडण्या आल्या. दोन्ही चालवणारे यूएसबी अडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतात. घेताना सोबत वीजपुरवठ्याचा वेगळा अडॅप्टर आहे ना, हे बघा. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि साधा यूएसबी पोर्ट ५ व्होल्टच्या पुढे जात नाही. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर भागवते. आयडीई डिस्कच्या मागे एक चिमुकला जंपर असतो. तो ‘मास्टर’च्या जागी असावा. कुठली जागा मास्टरची, हे डिस्कवरच्या लेबलवर छापलेलं असतं.

वीज दिली की कान द्यायचा. एकसारखी घरघर आणि सुरुवातीला हलकीशी खरखर हे निरोगी लक्षण. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणाऱ्या चकतीवर वाचणारं डोकं काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. ठराविक लयीत ‘टक, टक, टक’ असा आवाज आला तर ते डोकं आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. अशा वेळी वीज बंद करायची आणि तिथेच थांबायचं. यापुढचं काम धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेचं आहे आणि ते महाग आहे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालू होते, हा सल्ला अजूनही फिरतो. बाहेर काढल्यावर चकत्यांवर दव धरतं आणि उरलीसुरली आशा त्या दवात जाते. घरी पेचकस घेऊन डिस्क उघडणारे तर आपल्याच हाताने तिला मूठमाती देत असतात.

आवाज ठीक असेल तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्यायची. जोडलेल्या सगळ्या डिस्कांची यादी येते. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह ही भाषा इथे नाही. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखल्यामुळे विंडोजची पहिली हार्ड डिस्क सी झाली. लिनक्समध्ये डिस्कांची नावं एसडीए, एसडीबी अशी आणि त्यांच्या पार्टिशनांना १, २, ३ असे आकडे. कोणती डिस्क आपली, हे क्षमतेवरून ओळखायचं. ८० जीबीची डिस्क यादीत ७४.५ दिसेल. त्यात चोरी नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या. नाव कागदावर लिहून ठेवा. पुढची प्रत्येक चूक या एका नावात होते.

इथे मोह होतो तो फाईल मॅनेजरमध्ये डिस्कच्या चिन्हावर दोनदा क्लिक करून सरळ आत शिरायचा. तसं केलं तर लिनक्स ती लिहिण्याच्या परवानगीसह उघडेल. काही वितरणं तर यूएसबी जोडताक्षणी आपणहून उघडतात. ती सोय सेटिंगमध्ये आधी बंद करून टाकावी. नुसतं उघडल्यानेही डिस्कवर थोडं लिहिलं जाऊ शकतं, कारण एनटीएफएसची अपुऱ्या कामांची नोंदवही तेव्हाच आवरली जाते. उघडायचीच असेल तर ‘रीड ओन्ली’ म्हणजे आरओ हा पर्याय देऊन उघडावी. पण पंधरा-वीस वर्षं पडून राहिलेल्या डिस्कच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: उघडायचीसुद्धा नाही. आधी तिची संपूर्ण नक्कल, आणि पुढचं सगळं काम नकलेवर.

या नकलेला इमेज म्हणतात. फायलींची यादी करून एकेक उतरवणं वेगळं. इमेज म्हणजे डिस्कचा पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक बाइट, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट, जसाच्या तसा एका मोठ्या फायलीत. लिनक्समध्ये ‘डीडी’ ही जुनी आज्ञा हे करते. पण वाचता न येणारा सेक्टर लागला की ती थांबते, आणि जबरदस्तीने पुढे नेली तर त्याच खड्ड्यावर डोकं आपटत राहते. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन वापरावं. अंतोनिओ दियास दियास हे २००४ पासून ते लिहीत आणि सुधारत आले आहेत. मला या सगळ्या पेटीतलं हेच साधन सर्वांत शहाणं वाटतं. आधी जिथे सहज वाचता येतं ते सगळं ते भराभर उतरवून घेतं. अडलं की तो भाग सोडून पुढे उडी मारतं. चांगला भाग हातात आल्यावरच मागे वळून सोडलेल्या जागांच्या कडा कुरतडत आत शिरतं. मरणपंथाला लागलेल्या डिस्कचे किती तास उरलेत हे कुणालाच माहीत नसतं. तेव्हा सोपं आधी आणि अवघड नंतर, हाच क्रम बरोबर.

शिवाय ते एक नकाशा ठेवतं. कुठला भाग वाचला, कुठला राहिला, कुठला हरवला, हे एका छोट्या मजकूर-फायलीत लिहिलेलं असतं. वीज गेली, डिस्क तापली, रात्र झाली, तर बंद करा. दुसऱ्या दिवशी तोच नकाशा देऊन आज्ञा पुन्हा दिली की काम थांबलं होतं तिथून पुढे सुरू. आज्ञेत तीन गोष्टी द्यायच्या: कुठून वाचायचं, इमेज कुठे ठेवायची, नकाशा कुठे ठेवायचा. पहिली आणि दुसरी उलट झाली तर जुन्या डिस्कवरच लिहिलं जाण्याचा धोका असतो, म्हणून कागदावर लिहिलेलं नाव इथे पुन्हा ताडून बघा. इमेज ठेवायला दुसरी, मोठी डिस्क हवी, आणि ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको. फॅट३२ मध्ये एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. ८० जीबीची निरोगी डिस्क यूएसबी २ वरून तासाभरात उतरते. बॅड सेक्टर असतील तर दिवस जाऊ शकतात. घाई करू नये, पंखा समोर ठेवावा.

इमेज मिळाली की जुन्या डिस्कची वीज काढायची आणि ती बाजूला ठेवायची.

इमेज ही फाईल असली तरी लिनक्स तिला डिस्कसारखी वागवू शकते. उबुंटूवर तिच्यावर उजवं क्लिक करून ‘डिस्क इमेज माउंटर’ने उघडता येते, आणि ते तिला वाचनापुरतीच उघडतं. टर्मिनलवरून उघडणाऱ्याला पार्टिशन कुठे सुरू होतं ते सांगावं लागतं. एक्सपीच्या काळात पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून ३२,२५६ हा आकडा या कामात सतत भेटतो. एक्सपीनंतर आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही सुरुवात २०४८ व्या सेक्टरवर, म्हणजे बरोबर एक एमबीवर गेली.

आत शिरल्यावर ‘माय डॉक्युमेंट्स’ शोधू नका, आधी ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ शोधा. एक्सपीमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचं घर तिथे असतं. व्हिस्टानंतरच्या डिस्कवर तेच ‘युजर्स’मध्ये. डेस्कटॉपवर टाकलेल्या फायली तिथल्याच ‘डेस्कटॉप’ फोल्डरमध्ये असतात, आणि आपल्याकडे तर अर्धा संसार डेस्कटॉपवरच असायचा. आउटलुक एक्स्प्रेसमधली ई-पत्रं ‘लोकल सेटिंग्ज’च्या पोटात खोल, ‘आयडेंटिटीज’ नावाच्या फोल्डरात, डीबीएक्स फायलींमध्ये सापडतील. मोठ्या आउटलुकची पीएसटी फाईल ‘रीडपीएसटी’ ही आज्ञा उलगडून देते. डी ड्राइव्हही बघा. दुकानदार फॉरमॅट मारताना सी पुसायचा आणि डी ठेवायचा, त्यामुळे सर्वांत जुना माल तिथेच असतो.

तेव्हाच्या पेन ड्राइव्हांबरोबर फिरणारे व्हायरस आठवत असतील. खरी फोल्डरं लपवायची आणि त्याच नावाची, फोल्डराचं चिन्ह लावलेली ईएक्सई फाईल समोर ठेवायची, ही त्यांची रीत. लोकांना वाटायचं फोल्डर गेलं. लिनक्सवर विंडोजचा तो ‘लपलेला’ शिक्का सहसा पाळला जात नाही, त्यामुळे खरं फोल्डर आणि तोतया दोघेही शेजारी शेजारी दिसतात. तोतया इथे आपोआप चालत नाही, पण तो नव्या विंडोजवर उतरवूही नका. कागदपत्रं, फोटो, ध्वनी एवढंच उचला आणि उचललेल्यावरून क्लॅमएव्ही हा व्हायरसशोधक एकदा फिरवा.

डिलीट झालेल्या फायलींची गोष्ट याहून रंजक आहे. रीसायकल बिनमधून बाहेर न काढलेल्या फायली तर डिस्कवर सरळ पडलेल्याच असतात. एक्सपी त्यांचं नाव बदलून ‘रीसायकलर’ फोल्डरात डीसी१, डीसी२ अशी ठेवायची. व्हिस्टापासून प्रत्येक फायलीच्या दोन झाल्या, एकीत मूळ नाव-पत्ता आणि दुसरीत खुद्द मजकूर. बिन रिकामी केली तरी काय होतं? एनटीएफएसमध्ये प्रत्येक फायलीची एक नोंद असते, साधारणपणे १०२४ बाइटची. या सगळ्या नोंदींच्या वहीला एमएफटी म्हणतात. नोंदीत नाव, तारखा आणि मजकूर डिस्कवर कुठे ठेवला आहे तो पत्ता. फाईल अगदीच लहान, काही शे बाइटची असेल तर तिचा मजकूरही नोंदीतच मावतो. डिलीट केल्यावर विंडोज नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण करते आणि ती जागा मोकळी जाहीर करते. मजकुराला हात लावत नाही. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून जमीन कुठे जात नाही, तसंच हे. मात्र त्या जमिनीवर दुसऱ्याने घर बांधलं की संपलं. फॅट या जुन्या पद्धतीत तर फाईल खोडणं म्हणजे तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथे एक ठराविक बाइट ठेवणं. म्हणून फॅट डिस्कवर परत मिळालेल्या फायलींच्या नावाचं डोकं उडालेलं असतं.

या खोडलेल्या नोंदी वाचण्यासाठी ‘एनटीएफएस-अनडिलीट’ आहे, आणि त्याहून सोयीचं ‘टेस्टडिस्क’, फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं. टेस्टडिस्कचं मूळ काम हरवलेली पार्टिशनं शोधणं. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात पार्टिशनांचा तक्ता असतो. तो बिघडला की ८० जीबीची डिस्क कोरी वाटते. टेस्टडिस्क सगळी डिस्क चाळून कुठे कुठे पार्टिशनाच्या आरंभाच्या खुणा आहेत ते पाहतं आणि तक्ता पुन्हा मांडून दाखवतं. एनटीएफएस आपल्या पहिल्या सेक्टरची एक प्रत पार्टिशनाच्या शेवटी ठेवते, तीही कामाला येते. मांडलेला तक्ता लिहायचा का, असं ते विचारेल. लिहायची गरज नाही. तिथूनच फायलींची यादी उघडून त्या दुसरीकडे उतरवता येतात.

फॉरमॅट मारलेल्या डिस्कबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ‘क्विक फॉरमॅट’ने मजकूर पुसला जात नाही, हे सगळे जाणतात. पण एक्सपीतल्या पूर्ण फॉरमॅटनेही तो पुसला जात नसे. त्याला तास लागायचा तो फक्त बॅड सेक्टर आहेत का हे वाचून बघण्यात. जागेवर शून्यं भरण्याची पद्धत व्हिस्टापासून सुरू झाली. म्हणजे दुकानदाराने त्या काळी फॉरमॅट मारून नवी एक्सपी टाकली असेल तर जेवढ्या जागेवर ती नवी एक्सपी आणि नंतरच्या फायली बसल्या तेवढंच गेलं. बाकीचं खाली आहे. नव्या एमएफटीने जुनीच्या सुरुवातीच्या नोंदी चिरडलेल्या असतात, मात्र पुढच्या बऱ्याच शाबूत राहतात.

नोंदीच राहिल्या नसतील तर शेवटचा उपाय ‘फोटोरेक’, ग्रेनिए यांचंच दुसरं साधन. नावावर जाऊ नका, ते फोटोंशिवाय शेकडो प्रकारच्या फायली ओळखतं. फाईल सिस्टीमकडे ते ढुंकून पाहत नाही. प्रत्येक क्लस्टरच्या तोंडाशी काय आहे ते वाचतं, कारण बहुतेक प्रकारच्या फायलींची सुरुवात ठरलेली असते. जेपेगची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी. पीडीएफ आपल्या पहिल्या ओळीतच आपलं नाव सांगते. झिप फायलींच्या तोंडी पी आणि के ही अक्षरं, झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. आजच्या वर्डच्या डीओसीएक्स फायली आतून झिपच असतात, म्हणून त्याही पी-के. आणि जुन्या वर्डच्या डीओसी फायलींचे पहिले चार बाइट सोळाच्या पद्धतीत लिहिले की डी०, सीएफ, ११, ई०. इंग्रजीत एका ओळीत लिहून पाहा, ‘डॉकफाईल’सारखं काहीतरी दिसेल. मायक्रोसॉफ्टच्या कुणा अभियंत्याने ती गंमत मुद्दाम पेरलेली आहे.

फोटोरेकची किंमत मोजावी लागते ती अशी की नाव, फोल्डर, सगळं जातं. हाती येतात एफ अक्षरापुढे लांबलचक आकडे असलेल्या हजारो फायली, ‘रिकप-डीर’ नावाच्या फोल्डरांत कोंबलेल्या. ज्या फायली डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेल्या होत्या त्या अर्ध्यावर तुटलेल्या मिळतात. वरचा चेहरा आणि खाली करडी पट्टी, असे फोटो त्यात दिसतील. तरी फोटोंचं बरं आहे. कॅमेऱ्याने फोटोच्या आत तारीख लिहिलेली असते, आणि ‘एक्झिफटूल’ ती वाचून सगळ्यांना तारखेप्रमाणे नावं देऊ शकतं. फोटो मुळीच मिळाले नाहीत तर ‘थम्ब्ज’ नावाच्या डीबी फायली शोधाव्यात. एक्सपी प्रत्येक फोल्डरातल्या फोटोंच्या टिकल्या, म्हणजे चिमुकल्या प्रतिमा, त्यात साठवायची आणि मूळ फोटो गेला तरी टिकली सहसा काढायची नाही. एवढ्या चिमुकल्या चित्रावर समाधान मानायचं की नाही, ते फोटो कुणाचा आहे त्यावर.

काही दारं मात्र उघडत नाहीत. ज्या जागेवर नवं लिहिलं गेलं, तिथलं जुनं एकदाच लिहिल्यानेही कायमचं जातं. एक्सपीत फायलींची नावं हिरवी दिसत असतील तर त्या ईएफएसने कुलूपबंद होत्या. त्यांची किल्ली वापरकर्त्याच्या पासवर्डशी बांधलेली असते आणि इथे रूटचं काही चालत नाही. बिटलॉकर लावलेली डिस्क लिनक्सवर उघडते, पण पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की असेल तरच. एसएसडीचं गणित तर पूर्ण वेगळं. विंडोज ७ पासून डिलीट केल्याबरोबर एसएसडीला ‘ही जागा आता नको’ असा ट्रिम नावाचा निरोप जातो, आणि ती जागा आतूनच साफ होते. खोडलेली फाईल परत मिळण्याच्या बाबतीत माळ्यावरची घरघरणारी डिस्क आजच्या वेगवान डिस्कपेक्षा कितीतरी दयाळू आहे.

मराठी मजकूर वाचवणाऱ्यापुढे एक अडचण शेवटी उभी राहते. फाईल मिळते, उघडते, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा चिखल दिसतो. लोक समजतात फाईल खराब झाली आणि ती टाकून देतात. ती खराब नसते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच आहे, विंडोज २००० मध्ये तिचा आधारही आला, आणि र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा फाँट विंडोजबरोबर मिळू लागला. तरी छापखाने, वृत्तपत्रं आणि कचेऱ्या पुढे बराच काळ श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांवर काम करत राहिल्या. या पद्धतींत मजकूर म्हणून साठवलेले संकेत असतात इंग्रजी अक्षरांचे किंवा चिन्हांचे. मराठी दिसायची ती फाँटच्या जोरावर. फाँट नाही, तर मराठी नाही.

तो फाँट कुठे मिळणार? त्याच इमेजमध्ये. विंडोजच्या फोल्डरातल्या ‘फाँट्स’मध्ये टीटीएफ फायली असतात, त्या लिनक्सच्या फाँट फोल्डरात ठेवल्या की लिबरऑफिसमध्ये मजकूर मराठीत दिसू लागतो. पेजमेकरमध्ये जुळवलेली पानंसुद्धा लिबरऑफिस ४.४ या २०१५ च्या आवृत्तीपासून उघडू शकतं. मांडणी विस्कटते, पण मजकूर हाती येतो. म्हणून सांगतो, फायली उचलताना फाँट्सचं अख्खं फोल्डर विसरू नका. दिसू लागलेला मजकूर लगेच फाँट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा. प्रत्येक फाँटसाठी परिवर्तक वेगळा लागतो आणि जोडाक्षरांत, रफारात, पहिल्या वेलांटीत तो चुकतो, तेव्हा मुळाशी ताडून एकदा वाचून काढावंच लागेल. कुण्या लेखकाचं हस्तलिखित आज फक्त एखाद्या डीओसी फायलीत उरलेलं असेल, तर हे वाचन दुसरं कुणी करणार नाही.

राहता राहिली मूळ डिस्क. तिच्यावर बँकेचे कागद, पॅन कार्डाची स्कॅन, सगळ्यांचे पासवर्ड आहेत आणि इथवर सांगितलेलं सगळं भंगारवाल्याच्या गिऱ्हाइकालाही करता येतं. लिनक्सची ‘श्रेड’ ही आज्ञा डिस्क पूर्ण लिहून काढते. पस्तीस वेळा लिहावं लागतं, हा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून पसरलेला समज तेव्हाच्या फार जुन्या डिस्कांपुरता होता. एक फेरी पुरते. ती चालवण्याआधी इमेज उघडते आहे, फायली वाचता येताहेत आणि इमेजच्या प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर आहेत, एवढं तपासा. श्रेड फिरल्यानंतर या प्रकरणातलं एकही साधन उपयोगी पडणार नाही.